भंडाऱ्याला कुठली फिल्म? जेजुरीच्या दोन सोमवतींचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातली मुलगी पुण्यात आयटीत नोकरी करते. तिचं नाव, तिची कंपनी, तिने रोल धुवायला दिले ती लॅब, हे सगळं इथे गाळलं आहे. मी तिचा कोणी लागत नाही. बरीच वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंटिंग मशीनवर बसलो. मशीन भंगारात गेलं, मी उरलो. आता निगेटिव्ह घेऊन येणाऱ्या तरुण पोरांना फुकटचे सल्ले देतो. ती मला काका म्हणते.

तिचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आजोबांचा पेंटॅक्स के-१००० तिच्या वाट्याला आला होता. हा कॅमेरा म्हणजे सगळा यांत्रिक कारभार. बॅटरी लागते ती फक्त मीटरला, शटर जास्तीत जास्त १/१००० सेकंदापर्यंत पळतं आणि व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला मीटरचा एक काटा वर-खाली होतो. तो मधोमध आला की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला मिळणारा प्रकाश, बरोबर असं समजायचं. हा काटा सगळ्या फ्रेमची सरासरी घेतो. पुढचं अर्धं रामायण या काट्यामुळेच घडलं.

तिला एका छोट्या सामूहिक प्रदर्शनात आठ प्रिंट लावायच्या होत्या, १२ बाय १८ इंचाच्या. विषय ठरला होता: जेजुरीची सोमवती. सोमवारी अमावास्या आली की खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. खांदेकरी-मानकरी, ढोल, ‘सदानंदाचा येळकोट’चा गजर आणि वरून भंडार-खोबऱ्याची उधळण. ज्याने ती पाहिली आहे त्याला ‘सोन्याची जेजुरी’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २०२४ साली तीन सोमवत्या आल्या: ८ एप्रिल, २ सप्टेंबर आणि ३० डिसेंबर. म्हणजे हातात तीन संधी होत्या.

फिल्मवरच का, याचं तिचं कारण घरच्या अल्बममध्ये होतं. ऐंशीच्या दशकात आजोबांनी गडाच्या पायऱ्यांवर आजीचा फोटो काढला होता. तांबूस, उबदार, केशरी झाक असलेला. तिला ‘तो रंग’ हवा होता.

पहिली निवड

तिचा विचार सरळ होता. विषय पिवळा, तेव्हा पिवळा रंग दणकून देणारी फिल्म घ्यावी. कोडॅकची एक्टार १०० ही २००८ साली आलेली निगेटिव्ह फिल्म त्यासाठीच ओळखली जाते: रंग गडद, ग्रेन (चित्रातला रवाळपणा) अतिशय बारीक. १२ बाय १८ च्या प्रिंटला बारीक ग्रेन हवाच. ऊनही भरपूर मिळणार होतं. तिने एक्टारचे तीन रोल घेतले.

या विचारात तिला दोष देण्यासारखं फार काही नाही. मला विचारलं असतं तर मीही कदाचित ‘घे’ म्हटलं असतं. फक्त निघण्याआधी एखादा रोल घरच्या गच्चीवर संपवायला लावला असता. ते झालं नाही. ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, ती भर दुपारी पायऱ्यांवर उभी राहिली आणि १०८ फोटो काढून आली. लॅबकडून तिने फक्त स्कॅन मागवले.

अडचण

स्कॅन आले आणि तिचा फोन आला. भंडारा ज्वारीच्या पिठासारखा फिकट. धोतरं आणि पांढऱ्या टोप्या नीळ जास्त झाल्यासारख्या निळ्या. चेहरे जांभळट-काळे, फेट्याखाली डोळे कुठे आहेत ते शोधावं लागे. शेजारशेजारच्या दोन फ्रेममध्ये रंगाचा मेळ नाही: एकात भंडारा साय, पुढच्यात मोहरी. त्यात दोन रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ बारीक ओरखडा.

“काका, एक्टार फसवी निघाली. पुढच्या वेळी कोडॅकचीच पोर्ट्रा.”

मी म्हटलं, “आधी निगेटिव्ह घेऊन ये.”

निगेटिव्ह लॅबमध्येच पडून होत्या. स्कॅन मिळाले की निगेटिव्ह कोण नेतंय, असा आता सगळीकडे समज आहे, आणि काही ठिकाणी त्या महिन्या-दोन महिन्यांत कचऱ्यातही जातात. तिच्या वाचल्या. त्या गेल्या असत्या तर हे प्रकरण ‘एक्टार वाईट’ या निष्कर्षावरच संपलं असतं, आणि तो निष्कर्ष चुकीचा होता.

निगेटिव्ह काय सांगत होत्या

कोणतीही कलर निगेटिव्ह हातात आली की मी आधी चित्राकडे पाहत नाही. कडेला पाहतो. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच कडेवर प्रकाशाने उमटवलेले असतात. ते नीट गडद आले असतील तर रोल धुण्यात चूक नाही. कलर निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटं. त्यात गडबड झाली की ती कडेच्या अक्षरांवरही दिसते. इथे अक्षरं ठसठशीत होती. चित्रं मात्र पातळ. लाइट टेबलवर ठेवली तर खालचं वर्तमानपत्र वाचता यावं इतकी.

म्हणजे लॅबने रोल बरोबर धुतला होता. प्रकाशच कमी पोचला होता.

तिच्याकडे एक चांगली सवय होती: खिशातल्या वहीत आकडे लिहून ठेवायची. भर उन्हातल्या बहुतेक फ्रेमपुढे लिहिलेलं होतं ‘१/५००, एफ ११’. जुना हिशेब असा की लख्ख उन्हात शटर एक भागिले फिल्मचा आयएसओ (प्रकाशाला जागण्याचा तिचा वेग) आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ १६. शंभरच्या फिल्मला १/१२५ आणि एफ १६, किंवा त्याच तोलाचं १/२५० आणि एफ ११. म्हणजे तिचं एक्स्पोजर एक स्टॉप कमी होतं, प्रकाश निम्माच. कारण तो सरासरी काढणारा काटा. त्याच्यापुढे भंडाऱ्याने माखलेली गर्दी, पांढरे सदरे आणि उन्हाने पांढुरकं झालेलं आकाश. त्याला वाटलं प्रकाश फार आहे, त्याने शटर वाढवायला लावलं. वर एप्रिलचा सूर्य. जेजुरीच्या अक्षांशावर त्या दिवशी दुपारी तो जवळजवळ ८० अंशांवर असतो, म्हणजे अगदी डोक्यावर. फेट्याची सावली थेट डोळ्यांत. चेहऱ्यांना तर दोन-तीन स्टॉप कमी मिळाले होते.

निगेटिव्ह फिल्मला जास्त प्रकाश चालतो, कमी चालत नाही. पिवळ्या विषयात हे आणखी जाचतं. फिल्ममधला सगळ्यात वरचा थर निळ्या प्रकाशाला जागणारा असतो, आणि पिवळी वस्तू निळा प्रकाश जवळजवळ परत पाठवतच नाही. तो थर आधीच उपाशी. त्यात एक्स्पोजर कमी पडलं की पिवळ्यातल्या चुण्या, पिवळ्यातला उठाव सगळा सपाट होतो. एक्टार कमी एक्स्पोजरवर आणखी नखरे करते: सावल्या निळ्या पडतात.

पण पीठ आणि नीळ यांचा मुख्य आरोपी वेगळाच होता, आणि त्याला मी चांगला ओळखत होतो.

हळदीचा फोटो आणि मशीनचा समज

लॅबमधल्या माझ्या दिवसांत लग्नाचे रोल यायचे. त्यात हळदीच्या फ्रेम आल्या की मशीनवरचा नवखा पोरगा हमखास फसायचा. नवरी निळी, भिंत निळी, आणि हळद मात्र फिक्की. मग कोणीतरी ओरडायचं, “अरे, हळद आहे, येलो की मार!” म्हणजे पिवळं वाढवायचं बटण दाब.

यामागचं कारण जुनं आहे. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी की बाहेरच्या जगातल्या कुठल्याही साधारण दृश्याचे सगळे रंग एकत्र ढवळले तर सरासरी करडी येते. प्रिंटिंग मशीन याच समजावर चालायची: सरासरी करडी नसेल तर फोटोचा रंग बिघडला आहे असं धरून उलट रंग मिसळायचा. दहापैकी आठ-नऊ वेळा हे बरोबर ठरतं. हिरव्या लॉनवरचं रिसेप्शन, लाल पडद्यापुढची नवरी आणि हळद, इथे ते आपटतं. आजच्या स्कॅनरमधलं ‘ऑटो’ हे त्याच मशीनचं नातवंड. त्याला पिवळ्या फ्रेममध्ये आजार दिसतो आणि तो निळ्याची मात्रा देतो. प्रत्येक फ्रेममध्ये भंडारा कमी-जास्त, म्हणून प्रत्येक फ्रेमला मात्रा वेगळी. साय आणि मोहरीचं कोडं इथे सुटतं.

आम्ही बारा निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केल्या. रोलच्या टोकाचा कोरा नारिंगी तुकडा मोजून तिथे रंग कुलूपबंद केला, ऑटो बंद, सगळ्या फ्रेमना एकच मोजमाप. भंडारा परत आला. म्हणजे ‘एक्टारने रंग खाल्ला’ हे खरं नव्हतं. फेट्याखालचे डोळे मात्र आले नाहीत. जे निगेटिव्हवर उमटलंच नाही ते कुठून आणणार?

याच दुपारी मी तिच्याकडे आजोबांचा फोटो मागितला. तिने अल्बमच आणला होता. फोटोतली भिंत, आकाश, आजीचं पातळ, सगळ्यांवर तांबूसपणाचा एकसारखा थर. त्या काळच्या बऱ्याच कलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर अल्बमच्या अंधारातही हळूहळू मरतो. मागे लाल-पिवळं उरतं. ती जो ‘फिल्मचा लुक’ म्हणत होती तो चाळीस वर्षांचा क्षय होता. तिला हे ऐकून जरा लागलं. पण त्यानंतरच प्रश्न नीट मांडता आला: म्हातारी झालेली प्रिंट बाजूला ठेवायची आणि डोळ्यांना त्या दिवशी दिसला तो भंडारा कागदावर आणायचा.

तोललेले पर्याय

मे महिन्यात आम्ही नव्याने यादी केली.

स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं ती, तिच्या डोक्यात होती. रघुबीर सिंग यांनी भारतातले रस्ते आणि घाट रंगीत स्लाइडवर टिपले, ते रंग तिने पाहिलेले. पण ते वापरायचे ती कोडाक्रोम २००९ साली बंद झाली, आणि ती धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या, २०१० च्या अखेरीस तिचे नवे रोल घेणं थांबवलं. कोडॅकची आज मिळते ती २०१८ साली परत आलेली एक्टाक्रोम ई-१००. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. काळा चेहरा, पांढरा फेटा, वर ऊन आणि हातात सरासरी काढणारा काटा. हा पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला. शिवाय स्लाइड धुण्याची ई-६ प्रक्रिया करणाऱ्या लॅब आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

सिनेमाची फिल्म, म्हणजे मोठ्या रिळातून कापून डबीत भरलेली व्हिजन-३ २५०डी, स्वस्तात मिळत होती. ऊन-सावलीचा फरक सांभाळण्यात ती पटाईत. पण तिच्या पाठीवर तेव्हा रेमजेट नावाचा काजळीचा थर असायचा. तो आधी काढावा लागायचा, नाहीतर लॅबच्या टाक्यांची वाट लागायची. म्हणून नेहमीची लॅब ती हातातही धरत नसे. मला स्वतःला ही फिल्म आवडते. पण आधीच दोन भानगडी निस्तरत असताना तिसरी कशाला अंगावर घ्यायची, म्हणून ती सोडली.

उरल्या तीन, तिन्ही कोडॅकच्या: एक्टार १०० पुन्हा, गोल्ड २०० आणि पोर्ट्रा ४००. गोल्डचा जीव त्याच्या किमतीत. पोर्ट्राच्या एका रोलच्या पैशात तिला गोल्डचे जवळजवळ दोन रोल मिळत होते. पोर्ट्रा ४०० चं आजचं रूप २०१० चं, माणसांच्या कातडीचा रंग जपण्यासाठी बनवलेलं, आणि एक्स्पोजरच्या चुका पोटात घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. आक्षेप एकच, आणि तो तिचाच: “पोर्ट्रा म्हणजे लग्नाची फिल्म, काका. पिळपिळीत रंग.”

मला तिच्या आक्षेपात तथ्य वाटत होतं. म्हणून वाद न घालता गच्चीवर जायचं ठरलं.

गच्चीवरची चाचणी

ताटात भंडारा, बाजूला फोडलेलं खोबरं, झेंडूचं एक फूल, धुतलेलं पांढरं धोतर, आणि मागे तिची आई, कंटाळलेल्या चेहऱ्याने. तिन्ही फिल्मचा एकेक रोल. प्रत्येक मांडणी उन्हात आणि सावलीत. प्रत्येकी पाच एक्स्पोजर, एक स्टॉप कमीपासून तीन स्टॉप जास्तपर्यंत. स्कॅन आधीसारखेच, ऑटो बंद करून.

गोल्डमध्ये भंडारा उबदार आणि देखणा आला, पण झेंडू आणि भंडारा एकाच घराण्यातले वाटू लागले. हळदीची ती किंचित थंड, लिंबाकडे झुकणारी धार गेली. दुसऱ्या कुठल्याही विषयाला मी ती फिल्म दिली असती.

एक्टारने एक स्टॉप जास्त दिल्यावर कमाल केली. ताटातल्या भंडाऱ्यावर बोटाने ओढलेली रेघ, तिच्या कडेचा उंचवटा, तळाशी पडलेली जराशी गडद छटा, सगळं वेगवेगळं दिसत होतं. शेजारी आईचा चेहरा मात्र विटकरी झाला. आणि एक स्टॉप कमीवर तेच जुनं दुखणं.

पोर्ट्राचा भंडारा एक पायरी सौम्य. तिचं म्हणणं खरंच होतं. पण अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन, तिन्हीत चेहरा तोच, भंडारा तोच. निगेटिव्ह फक्त जाड होत गेली. निगेटिव्हवर पिवळं निळसर-जांभळं दिसतं. त्या जांभळ्या डागात बोटाची रेघ अधिक दोनलाही स्पष्ट होती.

निर्णय इथे झाला. सौम्य रंग प्रिंट करताना वाढवता येतो, विटकरी झालेला चेहरा उतरवता येत नाही. आणि गर्दीत धक्के खात, भंडाऱ्याने बंद होणाऱ्या डोळ्यांनी फोटो काढताना एक्स्पोजर चुकणारच आहे. तेव्हा चूक सोसणारी फिल्म. पोर्ट्रा ४००, कॅमेऱ्यावर आयएसओ २०० लावून.

पैशांमुळे आठऐवजी पाचच रोल आले. स्वस्त गोल्डने आकडा भरून काढायचा मोह तिला झाला. भिंतीवर शेजारी लावायच्या आठ प्रिंटमध्ये दोन जातींचं पिवळं नको, म्हणून तो आवरला.

ही चाचणी ऑगस्टच्या शेवटी झाली आणि स्कॅन हातात येईपर्यंत २ सप्टेंबर उजाडला. पोळ्याच्या दिवशीची सोमवती. ती म्हणाली, जाऊया का? मी म्हटलं, घाई नको, डिसेंबर आहे. या सल्ल्याबद्दल शेवटी लिहितो.

३० डिसेंबर

काट्याला रजा दिली. कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटपट्टी, त्यावर दोनच ओळी: ‘ऊन १/५००, एफ ११’ आणि ‘सावली १/२५०, एफ ५.६’. दुपार कलली की दोन्हीत एकेक स्टॉप वाढवायचा. शंका आली तर स्वतःचा तळहात त्याच उजेडात धरून काटा पाहायचा आणि एक स्टॉप जास्त द्यायचा. प्रत्येक रोलची पहिली फ्रेम ग्रे कार्डची, म्हणजे रंग जुळवायला धरायच्या करड्या पुठ्ठ्याची.

ओरखड्यांचं कारण एप्रिलमध्येच सापडलं होतं. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं तेव्हा फिल्म सरकते त्या गुळगुळीत पट्टीच्या खाचेत पिवळी रेघ बसली होती. भंडारा दिसतो पिठासारखा, पण त्यातला एखादा कण फिल्मवर छत्तीस फ्रेम ओढला गेला की नांगर फिरतो. तिने एप्रिलमध्ये रोल उघड्यावर, उधळणीत बदलले होते. आता कॅमेरा पारदर्शक पिशवीत, लेन्सभोवती रबरबँड, पुढे साधा यूव्ही फिल्टर. रोल बदलायचा तो पायरीमार्गावरच्या दुकानाच्या आत, पंचाखाली, आधी हवेचा फुगा मारून. पेढेवाल्या मावशींनी दुसऱ्या वेळेला स्वतःहून जागा करून दिली, “ये गं, तुझं बाळ गुंडाळ.”

डिसेंबरचा सूर्य दुपारीही जेमतेम अठ्ठेचाळीस अंश चढतो. चेहऱ्यांवर बाजूने ऊन, फेट्याखाली डोळे जिवंत. हा फायदा फिल्मचा नव्हे, पंचांगाचा. त्याचं श्रेय पोर्ट्राला देऊ नये.

चूक झालीच. तिसरा रोल भरताना के-१००० ची आयएसओची चकती उचलली गेली आणि ४०० वर बसली. पाठीवरची पट्टी पाहून काढलेल्या फ्रेमना त्याने काही फरक पडला नाही, पण त्या रोलवर ती सावल्यांमध्ये काट्यावर गेली होती आणि तळहाताचा वाढीव स्टॉपही विसरली. दहा-बारा फ्रेम ठरल्यापेक्षा दोन स्टॉप कमी मिळाल्या. एक्टार असती तर त्या गेल्याच असत्या. इथे सावल्यांत ग्रेन वाढला, चेहरे वाचले.

शेवटचा रोल तिने संध्याकाळी दिवट्या आणि दीपमाळांसाठी ८०० वर वापरला आणि डबीवर ‘+१’ लिहून वाढीव वेळ धुवायला दिला. त्यातून फार काही हाती लागलं नाही. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म, त्यात ज्योतीचा तांबडा उजेड आणि पुश केल्यावर चढलेला कॉन्ट्रास्ट: भंडारा आणि दगड दोन्ही नारिंगी. तो रोल दिवसाउजेडीच संपवायला हवा होता.

लॅबला या वेळी चिठ्ठी दिली: ऑटो रंग बंद, ग्रे कार्डावर बेतून सगळा रोल एकाच मोजमापाने, निगेटिव्ह परत हव्यात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, पिवळं फार येईल.” ती म्हणाली, “येऊ दे.” तिने परत येऊन हे मला दोनदा सांगितलं.

निकाल

एकशे ऐंशी फ्रेममधून सव्वीस ठेवण्यासारख्या निघाल्या, त्यातून सात भिंतीवर गेल्या. रंग एकमेकांना धरून होते. प्रिंट करताना पिवळं थोडं वाढवलं, बाकी हात लावला नाही. आधी मॅट कागदावर एक नमुना काढला होता. त्यावर भंडारा बसल्यासारखा वाटला, म्हणून किंचित चमक असलेला लस्टर कागद घेतला. एका फोटोत पायरीवर बसलेल्या मुरळीच्या हातावर भंडारा आणि घाम मिसळून झालेली ओली पिवळी रेघ आहे. एप्रिलच्या पहिल्या स्कॅनमध्ये असल्या रेघेचं पीठच झालं असतं.

आठवी प्रिंट एप्रिलची आहे. एक्टारवरची. कमानीच्या सावलीत उभा असलेला एक म्हातारा, मागे उन्हात उडालेल्या भंडाऱ्याचा पडदा. त्या एका फ्रेमला काट्यापुढे अंधारी कमान जास्त आल्यामुळे योगायोगाने भरपूर प्रकाश मिळाला होता. पुन्हा स्कॅन केल्यावर त्यातल्या भंडाऱ्याची जी धार दिसली ती पोर्ट्राच्या एकाही फ्रेमला नाही. प्रदर्शनात लोक त्याच प्रिंटपुढे जास्त वेळ थांबत होते. दोन जातींचं पिवळं शेजारी नको म्हणून उपदेश करणारा मीच. ती प्रिंट वेगळ्या भिंतीवर लावून आम्ही मार्ग काढला.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी एप्रिलच्या आधी व्हायला हवी होती, हे उघड आहे. लॅबशी आधी बोलणं हेही. तिने पहिल्यांदा फिल्मवर महिनाभर वाचलं आणि स्कॅनवर पाच मिनिटंही नाही. निम्मा रंग तिथे ठरत होता. एक छोटा हातातला मीटर, पडणारा प्रकाश मोजणारा, एप्रिलमध्येच घेतला असता तर कदाचित फिल्म बदलायची वेळच आली नसती. मग पुढचं सगळं वेगळं झालं असतं, आणि याबद्दल आमच्या दोघांत अजून मतभेद आहेत. तिचं म्हणणं, धक्काबुक्कीत मीटर हातात धरतो कोण? तेही खरं.

माझी चूक मात्र २ सप्टेंबरची. मी डिसेंबरची वाट पाहायला लावली ती ‘तयारी पूर्ण होऊ दे’ म्हणून. पण भाद्रपदाच्या तोंडावरचा ढगाळ उजेड म्हणजे आकाशभर पसरलेला पांढरा पडदा: कुठे टोकाची सावली नाही, कुठे भाजणारं ऊन नाही. ऊन आणि सावलीतला जो फरक सोसण्यासाठी आम्ही पोर्ट्रा निवडली, तो फरकच त्या दिवशी फार कमी असता. अशा उजेडात एक स्टॉप जास्त दिलेल्या एक्टारने काय केलं असतं, याचा नमुना कमानीतल्या म्हाताऱ्याने दाखवला आहे. चेहरे थोडे विटकरी आले असते; भंडाऱ्याने माखलेल्या चेहऱ्यांत ते किती कळलं असतं, कोण जाणे. चाचणीत मी तिच्या आईचा स्वच्छ चेहरा ठेवला होता. सोमवतीला तसा चेहरा गडावर एकही नसतो. आईच्या गालाला चिमूटभर भंडारा लावायचं तेव्हा कोणालाच सुचलं नाही.

तिच्या घरी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, एक्टारचा एक रोल ठेवलेला आहे. डबीवर स्केचपेनने लिहिलंय: ‘ढगाळ सोमवती. ५० वर.’ आईला सांगून ठेवलंय की हा डबा कोणी हलवायचा नाही.